परतलेल्यांची घरे

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणे ह्यांची एक लांबलचक यादी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अमुक लढाई कोणत्या तारखेस जुंपली आणि कोणत्या तारखेस थांबली, हे शाळेतला मुलगाही घडाघडा सांगतो. परंतु लढाई थांबल्यावर, गाव सोडून गेलेली माणसे परत आली तेव्हा त्यांच्या घरांवर छप्पर होते की नव्हते, नसल्यास ते कोणी घातले, आणि त्याला लागणारा पैसा कोणाच्या गाठीचा सुटला, हा मजकूर इतिहासाच्या पुस्तकात सहसा आढळत नाही. तोफ थंडावली की इतिहासकार आपली लेखणी पुसून ठेवतो. संसारी माणसाची खरी अडचण मात्र त्याच दिवशी सुरू होते. आज मी आपल्यापुढे हा राहून गेलेला मजकूरच मांडणार आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपला हिंगोली जिल्हा त्याला पुरेसा आहे.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. आपण ज्या काळाविषयी बोलणार आहोत त्या काळी, म्हणजे १९४७-४८ साली, हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचे तालुके होते. मुलूख जुना आणि भाविक. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नर्सी येथलीच, आणि औंढ्याचा नागनाथही येथलाच. हिंगोली गावावरून कयाधू वाहते, आणि उत्तरेच्या अंगाला पैनगंगा. ह्या पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. तिकडची वाशीम, पुसद, उमरखेड ही गावे आणि अलीकडची हिंगोली, कळमनुरी ह्यांत भाषेचे अंतर नाही, पिकांचे अंतर नाही, देवदेवतांचे तर नाहीच नाही. अलीकडच्या लेकी पलीकडे दिलेल्या आणि पलीकडच्या सुना अलीकडे आणलेल्या, असा हा सोयरिकीचा मुलूख. अंतर होते ते फक्त राज्याचे. वऱ्हाड नावाला निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. त्यामुळे अलीकडे हाली सिक्का चाले, तर पलीकडे कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा नाका. माहेरची वाट ह्या नाक्यावरून जात असे, एवढेच काय ते परकेपण.

ह्या नदीला १९४७ साली एकाएकी निराळाच अर्थ आला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण निजामाने आपले संस्थान भारतात सामील केले नाही. त्याआधीच, ७ ऑगस्ट रोजी, स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला होता. पुढे २९ नोव्हेंबरला भारत सरकार व निजाम ह्यांच्यामध्ये ‘जैसे थे’ करार झाला. पण खेड्यापाड्यांत काही जैसे थे राहिले नाही. लातूरचा वकील कासीम रझवी ह्याच्या रझाकार संघटनेचा जोर वाढला. लढ्याशी संबंध असल्याचा नुसता संशय आला तरी गावे लुटली जाऊ लागली, घरांना आगी लागू लागल्या. उलट बाजूने करोडगिरीचे नाके जळू लागले, आणि सरहद्दीच्या पलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी, लढणाऱ्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. ह्या भागातील जी माणसे त्यांत कामास आली, त्यांपैकी बहिर्जी ह्यांचे नाव आज वसमतच्या महाविद्यालयास दिलेले आहे.

परंतु लढणारे थोडे असतात आणि पळावे लागणारे पुष्कळ. बैलगाडीत भांडीकुंडी आणि पोरेबाळे घालून कुटुंबेच्या कुटुंबे पैनगंगेपलीकडे गेली. ज्यांचे सोयरे होते ते सोयऱ्यांकडे उतरले. ज्यांचे नव्हते त्यांनी छावण्यांचा आश्रय केला. निर्वासित हा शब्द त्या साली वर्तमानपत्रांत रोज येत असे, पण तो पंजाब-सिंधच्या संदर्भात. आपल्याच मराठी मुलखात, एक नदी ओलांडली म्हणून, कळमनुरीचा शेतकरी उमरखेडला निर्वासित ठरावा, हे त्या शेतकऱ्यालाही चमत्कारिक वाटले असले पाहिजे.

अशा वेळी जो दानधर्म होतो तो सोपा असतो, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये. उपाशी माणूस दारात उभा असतो, त्याचे मूल रडत असते. भाकरीचा तुकडा मोडताना कोणालाही विचार करावा लागत नाही. वऱ्हाडाने तो मोडला. सोलापूर, पुणे, मुंबई येथील लोकांनीही हैदराबादच्या पीडितांसाठी पैसा, धान्य, कपडालत्ता दिला. ह्या औदार्याचे मोल कमी नाही. पण हे औदार्य छावणीपुरते असते. छावणी उठली, गाड्या परत गावाकडे वळल्या, की देणाऱ्याला वाटते, सुटले बिचारे! आणि नेमका तेथूनच आपल्या विषयाला आरंभ होतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेस त्याच्या सेनापतीने जनरल चौधरी ह्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. ह्या कारवाईला ‘पोलीस कारवाई’ हे सौम्य नाव मिळाले. पाचच दिवसांचे हे युद्ध. नंतर जी कुटुंबे पैनगंगा उतरून परत आली, त्यांना घरी काय आढळले असेल?

हे समजण्यासाठी मराठवाड्यातले घर कसे असते ते ठाऊक पाहिजे. शहरातल्या कौलारू किंवा सिमेंटच्या घरात वाढलेल्या श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. खेड्यातल्या त्या वेळच्या बऱ्यापैकी घराच्या भिंती जाड, दगडमातीच्या किंवा नुसत्या मातीच्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप. ह्या सपाट छपराला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात ह्यासारखे थंडगार घर नाही. पण माळवदाची एक अट असते. दरसाल मृगाच्या आधी त्यावर नवी माती पसरून ती चोपावी लागते, गवत उपटावे लागते, पाणी जाण्याची वाट मोकळी करावी लागते. एक पावसाळा ह्यात हयगय झाली की पाणी मुरते, कड्या कुजतात; माळवद बसते, आणि उघडी पडलेली मातीची भिंत पुढच्या सरीत विरघळून जाते. गरिबाचे घर ह्याहूनही नाजूक. कुडाच्या भिंती, तुराट्या-पऱ्हाट्यांचा आधार आणि वर गवत. त्याला दरसाल नवे गवत लागतेच.

आता तारखा पाहा. रझाकारांचा उपद्रव शिगेस पोहोचला तो १९४८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. म्हणजे नेमका माळवदावर माती टाकण्याच्या दिवसांत घरधनी पैनगंगेपलीकडे होता. ज्याच्या घराला आग लागली त्याचे घर गेले, हे उघडच आहे. परंतु ज्याच्या घराला कोणी बोटही लावले नाही, त्याचे घरसुद्धा नुसत्या त्याच्या गैरहजेरीने पडावयास एवढे कारण पुरेसे होते. आगीत जळालेले घर सर्वांना दिसते, त्याचा पंचनामा होतो. पावसात बसलेल्या घराचा पंचनामा कोण करणार? ‘हे तर पावसाने पडले’, असेच गाव म्हणणार. खरे पाहता तेही लढाईनेच पाडलेले असते. मदतनिधीच्या हिशेबात अशी घरे वगळली जातात, आणि वगळली गेलेली ही माणसे बहुधा गरीब असतात.

दुसरी गोष्ट खर्चाची. अशा घराच्या डागडुजीला रोकड पैसा किती लागतो? माती गावची, पाणी नदीचे, दगड पडलेल्या भिंतीतलेच. मेहनत घरच्यांची आणि शेजाऱ्यांची. आपल्याकडे इर्जिक म्हणून एक सुंदर चाल आहे. एकाचे काम सगळ्यांनी मिळून एका दिवसात उरकावयाचे आणि त्याने सर्वांना जेवू घालावयाचे. ही इर्जिक शेतासाठी जशी होते तशी भिंतीसाठीही होऊ शकते. सारांश, भिंतीला पैसा जवळजवळ लागत नाही. पैसा लागतो तो लाकडाला. तुळया, कड्या, दाराची चौकट ह्या वस्तू काही मातीतून उगवत नाहीत, आणि लुटालूट होते तेव्हा पहिल्यांदा उचलून नेल्या जातात त्याही ह्याच. म्हणून घर उभारणीसाठी शहराकडून येणारे दान हे वस्तुतः लाकडाचे दान होय. सहाशे कलदार रुपये पैनगंगा उतरून आले की त्यांचे सातशे हाली होत. तेवढ्यात किती खणांचे लाकूड येईल, हा हिशेब गावातला कोणताही सुतार सांगू शकला असता. पण त्या लाकडाखाली भिंत उभी करणारे हात त्या सहाशे रुपयांत विकत मिळत नाहीत. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. माझ्या सगळ्या सांगण्याचे सार तीत आहे.

आणखी एक अडचण ऋतूची. सप्टेंबर संपत आला होता; रब्बीची पेरणी तोंडावर होती. परतलेल्या शेतकऱ्यापुढे प्रश्न असा, की आधी घर की आधी बियाणे? हाती आलेल्या रकमेची तुळई घ्यावी की बैल? शहरातल्या दात्याला वाटते, मी घरासाठी पैसे दिले आणि ह्याने बैल घेतला, ही फसवणूक झाली. पण काळीत पेरले नाही तर पांढरीत राहून करावयाचे काय? आपल्या भाषेत शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. ह्या दोन शब्दांची जोडी उगीच पडलेली नाही. काळी उजाड राहिली की पांढरीही उजाड होते.

हे शहाणपण आपल्या जुन्या राज्यकर्त्यांस चांगले अवगत होते. स्वारीशिकारीत, दुष्काळात गाव ओस पडले म्हणजे सरकारातून कौल देत. रयतेने परत यावे, घरे बांधावी, जमिनी कसाव्या. तिला उपसर्ग लागणार नाही, असे ते अभयपत्र असे. त्याबरोबर इस्तावा, म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे करीत काही वर्षांनी पूर्ण आकार. आणि बी-बैलासाठी तगाई. शिवाजी महाराजांचे १६७६ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्यास लिहिलेले आहे. ज्याच्या अंगी कसण्याचे बळ आहे पण बैल नाहीत, पोटास दाणा नाही, अशा कुणब्याला बैलांसाठी रोख द्यावे, खंडी दोन खंडी धान्य द्यावे, आणि वसुली करताना वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असा त्यातला आशय आहे. कौलात पैसा शेवटी येतो आणि अभय पहिल्याने, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परतणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘मला किती मिळेल’ हा नसून ‘मला राहू देतील ना’ हा असतो.

मग हे साहाय्य दान म्हणून द्यावे की कर्ज म्हणून? ह्याविषयी १९४८ सालीच महाराष्ट्रात एक धडा मिळाला. ३० जानेवारीस गांधीजींचा वध झाला आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. त्या जळीतग्रस्तांना मुंबई सरकारने घरे बांधण्यासाठी कर्जे दिली. कर्जाने घर उभे राहते, मान राहतो. पण ज्याने काही अपराध केला नाही, त्याने आपल्याच जळालेल्या घराचे हप्ते फेडीत बसावे, हेही मनाला टोचते. उलट, नुसत्या दानाने माणूस मिंधा होतो. नोआखालीच्या निर्वासितांना गांधीजी सांगत, की काम केल्यावाचून फुकटचे धान्य घेऊ नका. त्यांना दान नको होते असे नव्हे. घेणाराची पाठ ताठ राहावी, एवढीच त्यांची चिंता होती. इर्जिकीने बांधलेल्या घरात ह्या दोन्ही अडचणींची तोड आपोआप निघते. लाकूड दुसऱ्याचे, पण भिंत आपल्या हाताची.

त्याच वर्षी जानेवारीत पंडित नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधी स्थापन झाला. तो लोकांच्या वर्गणीतून, पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांसाठी होता. लाहोरच्या किंवा कराचीच्या निर्वासिताला मागे जावयाचे नव्हते. त्याला नव्या जागी नवे घर पाहिजे होते. युरोपातही असे घडलेले आहे. १९२३ साली आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये दहा-बारा लाख माणसे येऊन पडली, तेव्हा राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली एक आयोग नेमून, सुमारे १ कोटी पौंडांचे कर्ज उभारून, त्यांच्या नव्या वसाहती वसविण्यात आल्या. जेथे परतणे अशक्य, तेथे सरकार, आयोग आणि मोठे कर्ज ह्यांनी काम भागते. पण हिंगोलीच्या निर्वासिताची गोष्ट वेगळी होती. त्याला परत त्याच आळीत, त्याच आडावर, त्याच पारावर जावयाचे होते. आणि ज्यांच्या भयाने तो पळाला होता त्यांतले काही जण त्याच पारावर बसलेले असण्याचा संभव होता. त्याला घराइतकीच शेजाऱ्याचीही डागडुजी पाहिजे होती.

येथवर जी कथा मी सांगितली ती आपल्याला ऐकावयास कठीण गेली नसेल. हिचा उत्तरार्ध मात्र कठीण आहे. १७ सप्टेंबरनंतर ज्या वाटेने एक लोंढा परत येत होता, तिच्याच आसपास दुसरा लोंढा निघाला. तो मुसलमान कुटुंबांचा होता. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांनी रझाकारांचे तोंडही पाहिले नव्हते अशांवर घेण्यात आला. पंतप्रधानांनी ह्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी ह्या तिघांना धाडले. नोव्हेंबरअखेर ते हैदराबादेस पोहोचले आणि २१ डिसेंबर १९४८ पर्यंत त्यांनी ९ जिल्ह्यांत प्रवास केला. संस्थानात एकंदर २७,००० ते ४०,००० माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे त्यांनी चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. ह्यांतला नांदेड हिंगोलीच्या शेजारचा. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी एकही ह्या झळीपासून सर्वस्वी अलिप्त राहिला नाही. हा अहवाल पुढे अनेक दशके अप्रसिद्धच राहिला.

हे सांगताना माझा हेतू कोणाचे माप कोणाच्या पदरात घालण्याचा नाही. रझाकारांनी जे केले ते त्यामुळे धुऊन निघत नाही, आणि पुढे जे झाले तेही त्यामुळे क्षम्य ठरत नाही. आपला विषय घरांचा आहे. मुसलमान विणकराचे, तेल्याचे, शेतमजुराचे घर काही संगमरवरी नव्हते. तेच माळवद, तीच पांढरी माती, तेच कुड. तोच पावसाळा. घरधनी नाहीसा झाला की तेही तसेच बसते. पण फरक कोठे पडला असेल पाहा. पैनगंगेवरून परतलेल्याच्या बाजूला विजय होता. त्याच्या भिंतीसाठी इर्जिक करावयास गाव पुढे येऊ शकत होते. दुसऱ्या लोंढ्यातल्या घरी पुष्कळदा कर्ता पुरुष उरलेला नव्हता, आणि मागे राहिलेल्या बाईने कोणाला इर्जिकीला बोलवावे? सरकारी मदत वा एखाद्या निधीची रक्कम तिच्या हाती आली असेल असे धरले, तरी त्या रकमेतून लाकूडच येणार. भिंत कोण उभारणार? म्हणून अनेक कुटुंबांनी खेडे कायमचे सोडले आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा हैदराबाद शहरात जाऊन राहिली. पैसा कमी पडला हे एक कारण खरेच. पण शेजार कमी पडला, हे त्याहून मोठे.

तरीही तो सर्वत्रच कमी पडला असे मात्र नाही, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ह्याच सुंदरलाल अहवालात म्हटले आहे, की काही ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले. विशेषतः एकाच धंद्यातल्या लोकांत हा ओलावा अधिक दिसला, आणि हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविताना स्वतःचे प्राणही गमावले. मागाशेजारी माग चालतो तेव्हा सुताच्या धाग्याबरोबर दुसराही एक धागा विणला जातो, तो असा. ज्या गावात असा एक तरी शेजारी होता, तेथे परतण्यात अर्थ होता.

आता कोणी विचारील, की ज्यांच्याविषयी मनात राग आहे त्यांच्या घरांसाठी पैसे द्या, असे लोकांना सांगता येते काय? येते. १९४६ च्या अखेरीस बिहारमध्ये मुसलमानांची मोठी कत्तल झाली. पुढच्या मार्चमध्ये गांधीजी तेथे गेले आणि प्रार्थनासभेत जमलेल्या हिंदूंकडे त्यांनी त्या पीडित मुसलमानांसाठी पैसे मागितले. स्वतः हात पसरून ते लोकांतून फिरले; बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सरकारी तिजोरीतून ती रक्कम येऊ शकली नसती काय? आली असती. परंतु तिजोरीच्या पैशाला पश्चात्ताप होत नाही. ज्या गावाने घर पाडले त्याच गावच्या गाठीचा पैसा त्या घराला लागावा, ह्यात त्यांना पैशाहून निराळे काही साधावयाचे होते.

असेच एक उदाहरण फ्रान्समधले. क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक शस्त्र हाती धरीत नाहीत, पण युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत मदतीला जातात. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून तांबडा-काळा तारा ही त्यांच्या मदतकार्याची खूण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ अखेर, ते मार्न नदीच्या प्रदेशात गेले आणि घर गमावलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी लाकडी घरे उभारावयास घेतली. लाकूड दात्यांचे आणि मेहनत स्वयंसेवकांची, अशी ती परदेशी इर्जिकच होती. युद्ध संपल्यावर व्हर्दूनच्या भागात मदतीला हात कमी पडू लागले, तेव्हा त्यांनी जर्मन युद्धकैद्यांकडून काम करून घेतले. कैद्याला मजुरी देण्याची परवानगी नव्हती. तेव्हा ह्या लोकांनी त्यांची नावे-गावे टिपून घेतली आणि पुढे जर्मनीत जाऊन ती मजुरी त्यांच्या घरी पोहोचती केली. ज्यांनी घरे पाडली त्यांच्याच हातून घरे उभी राहत होती, आणि त्या हातांचे दामही चुकते होत होते. ह्याला मी लढाईचा खरा शेवट म्हणतो. तहाच्या कागदावरची सही हा नुसता उपचार.

ह्या सगळ्यावरून आपण, शहरात राहणाऱ्या आणि वर्गणीच्या पुस्तकावर आकडा घालणाऱ्या माणसांनी, काय ध्यानी घ्यावे? दंगे आणि लढाया काही १९४८ बरोबर संपल्या नाहीत. उद्या कोठे तरी अशी घरे पडतील, आणि आपल्या दाराशी कोणी तरी पावतीपुस्तक घेऊन येईल. तेव्हा त्याला दोनचार प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, किंबहुना ते आपले कर्तव्य आहे. जळालेल्या घराबरोबर ओल्याने बसलेले घर तुम्ही मोजले आहे काय? ज्याच्या नावावर घरच नव्हते, जो दुसऱ्याच्या वाड्यात किंवा गावकुसाबाहेर राहत होता, त्याचे काय करणार? घेणाऱ्याने आधी बैल घेतला तर त्याला चोर ठरविणार नाही ना? आणि यादी करताना नावे वाचून मग घरे पाहिलीत, की आधी घरे पाहून मग नावे विचारलीत? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळाले तर खुशाल पिशवी मोकळी करावी. कारण ज्या निधीने केवळ आपल्या माणसांची घरे बांधली, त्याने गावात पुढच्या भांडणाचा पायाही त्याच चुन्यात भरून ठेवलेला असतो.

दरसाल १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लागतो. तो लागलाच पाहिजे. ते स्वातंत्र्य फुकट मिळालेले नाही. हिंगोलीच्या खेड्यांतून आता पत्रे आणि सिमेंट आले आहे, माळवदे कमी झाली आहेत. तरी मराठवाड्याच्या जुन्या गावात शिरावे तर दोन नांदत्या घरांच्या मध्ये एखादा मातीचा उंचवटा लागतो. त्यावर आघाडा माजलेला असतो, कोणाची तरी शेळी बांधलेली असते. ते कधी काळी घर होते. गाव म्हणते, ते लोक गेले. कोठे गेले, का गेले, आणि परत का आले नाहीत, हे सांगणारे म्हातारे आता थोडे उरले आहेत. नांदत्या घरांचा इतिहास झेंड्याखाली सांगितला जातोच. श्रोतेहो, ह्या उंचवट्यांचाही कोणी तरी लिहून ठेवावा.